पगार, ओव्हरटाइम आणि "आमची कदरच नाही": ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदारांचे नेहमीचे प्रश्न

मी बरीच वर्षं टीटीसी एमआयडीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीत, पेरोल सांभाळला, म्हणजे हजेरी बघायची, खाडे मोजायचे, उचल वजा करायची, पीएफचं चलान भरायचं आणि शेवटी पगारपत्रक साहेबांच्या सहीला न्यायचं. त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले सगळे पगाराचं काही झालं की मला मेसेज टाकतात. रबाळे-महापेच्या फॅक्टऱ्या, वागळे इस्टेटमधले गाळे, ऐरोलीतली आयटी ऑफिसं, वाशीचा एपीएमसी घाऊक बाजार, घोडबंदरची दुकानं, कुठूनही येतात पण प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते. निम्मे मेसेज पैशाचे असतात आणि निम्मे "एवढं करूनही कोणी विचारत नाही" याचे, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच मेसेजमध्ये असतात. पैशाचा भाग तुमच्या हक्काचा आहे, तो वसूल करता येतो. कदरीचा भाग कुठल्याच कायद्यात नाही, तो मागावा लागतो, आणि नाहीच मिळाला तर ती जागा सोडावी लागते. पण दोन्हीकडे तुमच्या कामाचा हिशोब तुमच्या स्वतःच्या हातात असला पाहिजे, कंपनीच्या कपाटात नाही.

कायद्याचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यात. वेतन संहिता, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता, अशा चार. खाली "संहिता" लिहिलंय तिथे यातली जी लागू असेल ती समजा.

१. पगार किती तारखेपर्यंत झालाच पाहिजे? आमचे शेठ म्हणतात क्लायंटचं पेमेंट आलं की देतो.

महिन्याच्या पगारावर असाल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. रोजंदारी असेल तर शिफ्ट संपताना, आठवड्याचा असेल तर सुट्टीच्या आधीच्या दिवशी. क्लायंटचं पेमेंट हा शेठचा आणि क्लायंटचा व्यवहार आहे, तुमचं काम करून झालेलं आहे. आणि हे फक्त कामगारांना नाही. आधीच्या वेतन कायद्यात महिना २४,००० च्या वर पगार असला की तो माणूस बाहेर पडायचा, नव्या वेतन संहितेत ती मर्यादाच नाही, त्यामुळे मॅनेजर, इंजिनियर, आयटीवाले सगळे यात येतात. "तुम्ही स्टाफ आहात, तुम्हाला लेबर लॉ लागत नाही" असं एचआर म्हणत असेल तर पगाराच्या बाबतीत ते चुकीचं आहे.

२. सॅलरी स्लिप देत नाहीत, ऑफर लेटरपण नाही, सगळं तोंडी. मी काय करू?

दोन्ही मागा. पगाराची स्लिप देणं मालकाला बंधनकारक आहे, कागदावर किंवा मोबाइलवर कशीही चालते, आणि नेमणुकीचं पत्रसुद्धा आता प्रत्येकाला द्यायचंय. पण मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. बँकेचं स्टेटमेंट, गेटपास, आयकार्डचा फोटो, साहेबांनी "उद्या नाइटला ये" म्हणून टाकलेला व्हॉट्सॲप मेसेज, अंगठा लावायच्या मशीनवर दिसणारी वेळ, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. मी सगळ्यांना सांगते की साधी शंभर पानी वही घ्या आणि रोज आलेली वेळ, गेलेली वेळ, खाडा, उचल लिहून ठेवा. वाद झाला की कंपनी मस्टर काढते आणि तुमच्याकडे काहीच नसतं, तिथेच निम्मी केस हातातून जाते. पगार दिला की नाही हे सिद्ध करायची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकलीय, तरी तुमची वही समोर असली की बोलणं वेगळं होतं.

३. सीटीसी ४ लाख सांगितलं आणि हातात २५ हजारच येतात. फसवलं का मला?

बहुतेक वेळा फसवणूक नसते, पण नीट समजावून कोणी सांगितलेलं नसतं. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नाही. आकडे मांडूनच बघू. ४ लाख भागिले १२ म्हणजे ३३,३३३. त्यातला १० टक्के "व्हेरिएबल" धरा, ३,३३३ गेले, ते वर्षाअखेरीस मिळतील किंवा नाहीही मिळणार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, तो पण तुमच्याच सीटीसीत मोजलेला. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, मूळ वेतन सीटीसीच्या निम्मं धरलं तर १६,६६७ वर साधारण ८००. ग्रुप मेडिक्लेमचे धरा ४००. मग तुमच्या वाट्याचा पीएफ परत १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. उरले पंचवीस हजारांच्या आसपास.

म्हणून मुलाखतीत "सीटीसी किती" विचारू नका, "दर महिन्याला बँकेत किती जमा होणार आणि व्हेरिएबल गेल्या वर्षी लोकांना किती टक्के मिळालं" हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला जो एचआर गोलगोल उत्तर देतो त्याचं व्हेरिएबल शून्य धरून निर्णय घ्या. आणि बायकांनी एक तपासा, महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईचा प्रोफेशनल टॅक्स कापायचा नसतो, तरी काही ठिकाणी सॉफ्टवेअर सगळ्यांचा सरसकट कापतं. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापले तर ते बरोबर आहे, त्यावरून भांडू नका.

४. किमान वेतनापेक्षा कमी देतायत हे कळणार कसं?

किमान वेतनाचा एकच आकडा नसतो. उद्योग कुठला, तुम्ही कुशल, अर्धकुशल की अकुशल, आणि जागा कुठल्या परिमंडळात, यावर दर ठरतो. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. इथेच जास्त खातात, मूळ दर देतात आणि भत्ता जुनाच ठेवतात. राज्याच्या कामगार आयुक्तांच्या वेबसाइटवर तक्ते असतात, आपल्या उद्योगाचा काढा आणि स्लिपशेजारी ठेवून बघा. अजून एक, मशीन चालवणाऱ्याला कागदावर "हेल्पर" दाखवतात म्हणजे अकुशलचा दर लागतो. असं असेल तर मशीनवर काम करतानाचा फोटो, तुमच्या नावाचं प्रॉडक्शन शीट, जे मिळेल ते जपून ठेवा.

५. बँकेत पूर्ण पगार येतो पण ४ हजार कॅश परत द्यायला लावतात. तक्रार केली तर रेकॉर्डला सगळं बरोबरच दिसणार ना?

हा प्रश्न वाचला की मला खरंच संताप येतो, कारण हे कागदावर स्वच्छ दिसावं म्हणूनच केलेलं असतं, आणि सर्वात जास्त हाउसकीपिंग आणि ठेक्यावरच्या लोकांसोबत होतं, ज्यांना ते चार हजार म्हणजे घरभाड्याचा मोठा हिस्सा असतो. हो, रेकॉर्ड त्यांच्या बाजूचं दिसतं. प्रश्न २ मध्ये म्हटलं की पगार दिल्याचं सिद्ध करणं मालकाचं काम, इथे तो बँकेची एन्ट्री दाखवून मोकळा होतो, मग उलटं सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

तरी मार्ग आहे. पगार जमा झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एटीएममधून तेवढीच रक्कम दर महिन्याला काढलेली स्टेटमेंटवर दिसते, आणि एकाच साइटवरच्या सात-आठ जणांच्या स्टेटमेंटवर तोच आकडा त्याच तारखांना दिसला तर अधिकारी ते बाजूला सारू शकत नाही. कॅश कोणाच्या हातात दिली, कुठे दिली, त्या दिवशीच वहीत लिहा. जमलं तर "कॅश नाही जमत, गुगल पे करतो" म्हणून बघा, सुपरवायझरने एकदा जरी नंबर दिला तरी कागद तयार झाला. एकट्याने जाऊ नका, प्रश्न १५ वाचा.

६. ओव्हरटाइम सिंगल रेटने देतात. डबल नक्की आहे का?

नक्की आहे. ठरलेल्या तासांच्या वर काम केलं तर दुप्पट दर, आणि आठवड्याचे तास ४८ च्या वर गेले की तो ओव्हरटाइमच. समजा वेतन १८,००० आहे. भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, तासाला साधारण ८६ रुपये ५० पैसे. डबल म्हणजे १७३. महिन्याला ४० तास ओव्हरटाइम केला तर ६,९०० च्या वर व्हायला पाहिजेत आणि सिंगलने हातात येतात साडेतीन हजाराच्या आत. वर्षाचे चाळीस हजाराच्या पुढे जातात हो, मुलाची फी निघते त्यात.

काही ठिकाणी ओव्हरटाइमला "इन्सेंटिव्ह" किंवा "कन्व्हेयन्स" नाव देतात म्हणजे तो हिशोबातच येत नाही. नाव काहीही द्या, तास जास्त झाले ना, मग दर डबल. वहीत शिफ्टची वेळ आणि प्रत्यक्ष सुटलेली वेळ दोन्ही लिहा. मॅनेजर, सुपरवायझर पदावरच्या लोकांना मात्र हे सरळ लागू होत नाही, तुमचं काम प्रत्यक्षात काय आहे यावर ते अवलंबून असतं, कार्डवर छापलेल्या पदावर नाही.

७. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. ट्रान्स-हार्बर लेट झाली तर माझी काय चूक?

जेवढा वेळ गैरहजर तेवढेच पैसे, हा नियम आहे. दहा मिनिटं तीनदा उशीर झाला म्हणजे अर्धा तास, त्याला चार तासांचा पगार कापणं त्या हिशोबात बसत नाही. शिस्तीसाठी दंड लावता येतो पण आधी तुमचं म्हणणं ऐकायचं, दंडाचे नियम आधीपासून लावलेले पाहिजेत, आणि दंड त्या पगारकाळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर नाही. सगळी कपात मिळून, पीएफपासून उचलीच्या हप्त्यापर्यंत, वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. युनिफॉर्मचे पैसे, "डिपॉझिट", फुटलेल्या मालाचे पैसे असं कापलं असेल तर कशाखाली कापलं ते लेखी मागा. नुकसान तुमच्या हलगर्जीने झालं हे दाखवल्याशिवाय, तुम्हाला बोलू दिल्याशिवाय कापता येत नाही.

८. पगारातून पीएफ कापतात पण खात्यात जमाच नाही. ही चोरी नाही का?

तुमच्या पगारातून कापलेले पैसे न भरणं हा गुन्हा आहे, नुसती दिरंगाई नाही. आधी खात्री करा. यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, ॲक्टिव्हेट करा आणि पासबुक बघा, किंवा नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजने येते. कंपनीने महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, त्यामुळे एखादा महिना मागे दिसला तर घाबरू नका, तीन-चार दिसले तर हलाच. तक्रार ऑनलाइन होते, पीएफची ऑफिसं ठाण्यातही आहेत आणि वाशीतही, सोबत कपात दिसणाऱ्या स्लिपा जोडा.

आणि "पीएफ नको, हातात जास्त द्या" असं स्वतःहून मागू नका. हे मी पगार बनवताना शेकडो लोकांच्या तोंडून ऐकलंय. कंपनीच्या बाजूच्या १२ टक्क्यातून ८.३३ टक्के पेन्शनला जातात, पीएफच्या १५,००० च्या मर्यादेवर म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. ते सोडलं तर म्हातारपणी महिन्याला येणारे पैसे गेले, आणि मध्येच काही झालं तर बायकोला मिळणारी पेन्शन पण गेली.

९. आजारी पडलो तर पगार बंद. ईएसआय कापतात त्याचा काय उपयोग?

ईएसआय म्हणजे कामगार विमा. खूप उपयोग आहे, लोक वापरतच नाहीत. वेतन २१,००० पर्यंत असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के जातात. वाशीला आणि वागळे इस्टेटला कामगार रुग्णालय आहे, घरच्यांचाही इलाज होतो. आणि डॉक्टरने विश्रांतीचं सर्टिफिकेट दिलं तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम ईएसआयकडून मिळते, फक्त त्याआधीच्या सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. सर्टिफिकेट ईएसआयच्याच डॉक्टरचं लागतं, गल्लीतल्या दवाखान्याची चिठ्ठी चालत नाही.

१०. दिवाळीला बोनस म्हणून मिठाईचा डबा दिला. बोनस मागू शकतो का?

मिठाई ही भेट आहे, बोनस वेगळा. कायद्याचा बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के, आणि वर्षात ३० दिवस काम केलेलं असलं की मिळतो. कंपनी तोट्यात असली तरी किमान ८.३३ द्यायचाच असतो, नव्या कंपन्यांना सुरुवातीची काही वर्षं सूट असते. जुन्या कायद्यात २१,००० पर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू होता आणि हिशोब ७,००० किंवा किमान वेतन यातल्या मोठ्या रकमेवर व्हायचा. सरसकट ७,००० वर काढून देत असतील तर तुमच्या उद्योगाचं किमान वेतन दाखवा, फरक बराच निघतो. दिवाळीलाच द्यायचा असं कायदा म्हणत नाही, हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणून मार्च धरला तर नोव्हेंबरपर्यंत.

११. तीन वर्षं इन्क्रिमेंट नाही आणि माझ्याच टेबलाशेजारी नवीन आलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार. त्याला काम मीच शिकवतेय. हे सहन होत नाही.

ताई, सहन होणारच नाही, कोणालाच होणार नाही. पण कायद्याने मागाल म्हणालात तर किमान वेतनाच्या वर इन्क्रिमेंट हा हक्क नाही, करारात किंवा युनियनच्या सेटलमेंटमध्ये लिहिलं असेल तरच. फक्त बाई म्हणून त्याच कामाला कमी दिलं जात असेल तर तो भेदभाव आहे आणि त्याची तक्रार होते.

हे होतं का? नवीन माणसाला बाजारभावाने घ्यावं लागतं, जुन्याचा पगार मात्र जुन्या आकड्यावर टक्के चढवून ठरतो, आणि साहेबांना वाटतं ही कुठे जातेय, घर ऐरोलीला, ऑफिस घणसोलीला, दोन स्टेशनं. जवळ असण्याचे पैसे ते तुमच्याच पगारातून वसूल करतात. मी मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकलंय, "तिचं घर जवळ आहे, ती थांबेल." आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच हातून नवीन मुलाचं ट्रेनिंग सुरू.

म्हणून मागताना "मी एवढी वर्षं आहे" असं सुरू करू नका, ते ऐकून कोणी पैसे देत नाही. तीन गोष्टी घेऊन जा. तुम्ही घेतल्यापासून कुठलं काम वाढलं किंवा सुधारलं ते आकड्यात, म्हणजे आधी महिन्याला किती बिलं जायची आता किती, किती ऑर्डर परत यायच्या आता किती. दुसरं, तुमच्या पदाच्या दोन-तीन जाहिराती ज्यात पगार लिहिलाय. तिसरं, तुम्हाला नेमका किती हवाय तो आकडा, "बघा काहीतरी" नाही. अप्रेझलच्या महिनाभर आधी बोला, कारण फॉर्म भरायला येतात तेव्हा बजेट ठरून गेलेलं असतं. बोलून झालं की त्याच दिवशी छोटा मेल टाका, "आज बोललो त्याप्रमाणे". तोंडी "पुढच्या क्वार्टरला बघू" म्हणणाऱ्यांना हा मेलच आठवण करून देतो. दोन वेळा लेखी मागून काहीच झालं नाही तर बाहेर बघा, आणि हातात दुसरं पत्र असल्याशिवाय राजीनाम्याची धमकी देऊ नका.

१२. काम मी करतो, नाव सुपरवायझरचं होतं. एक शब्द कौतुकाचा नाही. पैशापेक्षा याचाच जास्त त्रास होतो.

याचे मेसेज रात्री अकरा-बाराला येतात, बहुतेक सेकंड शिफ्ट सुटल्यावर. एकाचं इथे सांगते, ओळख न देता. तुर्भ्याच्या एका युनिटमध्ये मशीन बंद पडलं, कंपनीचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार होता, या माणसाने रात्री थांबून पॅनल उघडून फ्यूज-वायरिंग सगळं तपासून मशीन चालू केलं, कंटेनर वेळेत गेला. सकाळच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड बाय शिफ्ट इन्चार्ज". त्याला बक्षीस नको होतं, त्याने मला लिहिलं, "नुसतं नाव लिहिलं असतं तरी चाललं असतं."

मी त्याला सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. काम झालं की आपण स्वतः लिहून कळवायचं, त्याच दिवशी, साध्या भाषेत, "रात्री दीड वाजता अमुक मशीन चालू केलं, अमुक पार्ट बदलला, सकाळी एकदा चेक करा", ग्रुपवर किंवा लॉगबुकात, सुपरवायझरला आणि त्याच्या वरच्यालाही दिसेल असं. ही बढाई नाही, कामाची नोंद आहे. आणि तुम्ही कोणाच्या वर असाल, पाच माणसांचे का होईना, तर रिपोर्टमध्ये माणसाचं नाव लिहा. एवढंच करा. कंपनीला एक रुपया लागत नाही आणि माणूस वर्षभर त्या एका ओळीवर काम करतो, हे मी पगारपत्रकाच्या टेबलावरून बघितलंय, जिथे नावं घेतली जायची त्या डिपार्टमेंटचे राजीनामे कमी यायचे.

"आपण सगळे फॅमिली आहोत" म्हणून रविवारी बोलावणाऱ्यांचं उत्तर वेगळं नाही, रविवारी आलात तर ते तास आहेत, प्रश्न ६ प्रमाणे मोजा.

१३. सगळ्यांसमोर शिवीगाळ करतात, "तुझ्यासारखे नाक्यावर शंभर मिळतील" म्हणतात.

तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे, आणि कोण कोण समोर होतं, हे लिहून ठेवा आणि एचआर किंवा मालकाला लेखी द्या. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल आणि जातीवरून बोलले असतील तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, थेट पोलिसात जाता येतं. बाईशी लैंगिक स्वरूपाचं बोलणं-वागणं असेल तर २०१३ च्या कायद्याखाली दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, आणि त्याहून लहान जागा असेल किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची, उशीर करू नका.

१४. राजीनामा देऊन दोन महिने झाले, फुल अँड फायनल अडकवलंय, रिलीव्हिंग लेटरपण देत नाहीत.

वेतन संहितेत स्पष्ट आहे, राजीनामा असो, काढलेलं असो, वेतनाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. "४५ दिवसांची पॉलिसी आहे" हे कंपनीचं पॉलिसीचं पुस्तक झालं, कायद्याच्या वर नाही. नोटीस पिरियड पूर्ण केला नसेल तर करारात लिहिलेले तेवढ्या दिवसांचे पैसे ते वळते करू शकतात, पण तेवढ्यासाठी सगळाच हिशोब दाबून ठेवणं चालत नाही. लॅपटॉप, आयकार्ड, किल्ल्या परत केल्याची पोच मात्र घ्याच, नाहीतर तेच कारण पुढे करतात. तुमची मूळ सर्टिफिकेटं कोणी ठेवून घेतली असतील तर लेखी मागा आणि नाही दिली तर पोलिसात अर्ज करा.

ग्रॅच्युइटी वेगळी मागा. पाच वर्षं झाली असतील तर शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांच्या वर असतील तर पूर्ण वर्ष धरतात, आणि ३० दिवसांत द्यायची असते. "चार वर्षं नऊ महिने झालेत, मिळेल का?" हे फार विचारतात. मद्रास हायकोर्टाने चार वर्षं आणि पुढे २४० दिवस काम केलेल्याला पात्र धरलंय, त्याच्या जोरावर मागता येते, पण कंपनी सहज मानत नाही, म्हणून जमत असेल तर पाच वर्षं भरूनच निघा. ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेने एका वर्षावरच प्रमाणात मिळते.

१५. तक्रार कुठे करायची, आणि केली तर काढून टाकतील ना?

भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कंपनीला लेखी, मेल किंवा पोच घेऊन अर्ज. मग ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात, पगार, किमान वेतन, ओव्हरटाइम, बोनस सगळ्यासाठी. पीएफ आणि ईएसआयची वेगळी ऑफिसं. वेतनाचा दावा करायला आता तीन वर्षं मिळतात, आधी पगाराला एक वर्ष आणि किमान वेतनाला फक्त सहा महिने होते, त्यामुळे "जुनं झालं, आता काय" म्हणून सोडू नका. दावा टिकला तर थकबाकीच्या दहापट भरपाईपर्यंत आदेश होऊ शकतो.

एकट्याचं नाव पुढे नको असेल तर सगळ्यांनी मिळून सहीचा अर्ज द्या किंवा युनियनतर्फे द्या, युनियनला तुमच्या वतीने दावा करता येतो. पण रागाच्या भरात "उद्या कोणीच कामावर जायचं नाही" असं करू नका. दहा किंवा जास्त जण ठरवून विनानोटीस गैरहजर राहिले तर करारात तशी अट असल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो, आणि निम्म्या किंवा जास्त लोकांनी एकाच दिवशी ठरवून कॅज्युअल रजा टाकली तर तो संपच धरतात, ज्याला १४ दिवसांची नोटीस लागते. कंपनीला हेच हवं असतं, मूळ तक्रार बाजूला राहते.

१६. ठेकेदार दोन महिन्यांचा पगार बुडवून पळाला. कंपनी म्हणते तुम्ही आमचे नाहीच.

कंपनीला हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराने नाही दिला तर ज्याच्या आवारात काम केलंत त्या मूळ मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा. म्हणून गेटपासवर कंपनीचं नाव असलेला फोटो ठेवा, आणि पगार चुकला त्याच महिन्यात कंपनीला लेखी कळवा, ठेकेदाराचं शेवटचं बिल निघायच्या आत. बिल निघून गेलं की कंपनी पण टाळाटाळ करायला लागते.

१७. मी सिक्युरिटीत आहे, माझा भाऊ एपीएमसीत, वहिनी घरकाम करते, पुतण्या डिलिव्हरीला. आम्हाला यातलं काय लागू?

चौघांचं वेगळं. एपीएमसीत माथाडी असेल तर १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून आलेला, मजुरी मंडळामार्फत जमा होते, पीएफ-बोनस तिथूनच. भाऊ नोंदीत आहे का हे आधी बघा, टोळीत काम करतो पण नोंद नाही असे बरेच असतात. गार्डसाठी १९८१ चा राज्याचा कायदा आणि मुंबई-ठाण्याचं सुरक्षा रक्षक मंडळ आहे, खाजगी एजन्सीत असाल तरी किमान वेतन आणि प्रश्न ६ चा ओव्हरटाइम लागतोच, बारा तासांची ड्युटी आठच्या पगारात करून घेणं हे सगळ्यात जास्त गार्डच्याच बाबतीत बघते मी. घरकामासाठी २००८ च्या कायद्याने राज्याचं कल्याण मंडळ आहे, तिथे नोंदणी करून घ्या. डिलिव्हरीवाल्यांना सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा जागा मिळालीय, कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के निधीला द्यायचा आहे, पण त्यासाठी ई-श्रम या सरकारी नोंदणी पोर्टलवर नाव हवं, पुतण्याला आजच करायला सांगा.

१८. कंपनीच बंद पडली, दिवाळखोरीत गेली. आता आमचे पैसे बुडाले का?

लगेच धरून चालू नका. कंपनी लिक्विडेशनला गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने वरच्या रांगेत असतात, बाकी कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यांच्या खाली. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे कंपनीच्या मालमत्तेत धरतच नाहीत, ते तुमचेच. पण कोणी आपणहून आणून देणार नाही. नेमलेल्या अधिकाऱ्याची जाहिरात पेपरात येते, त्यात दावा करायची शेवटची तारीख असते, त्याच्या आत फॉर्म भरून स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जोडून द्यायचं. सगळ्या कामगारांच्या वतीने एक जण एकत्र दावाही भरू शकतो. गेटला कुलूप लागलं की लोक गावाला निघून जातात, पेपर बघायला कोणी राहत नाही आणि तारीख निघून जाते, म्हणून जायच्या आधी एक ग्रुप करा आणि इथे राहणाऱ्या एकावर ही जबाबदारी टाका.